श्रीएकनाथमहाराजांचे घेणे आणि राखणे

शके १५०६, म्हणजे इसवी सन १५८४. तारण नाम संवत्सर, भाद्रपदातली कपिलाषष्ठी. त्या दिवशी श्रीक्षेत्र पैठण येथे गोदातीरी श्रीएकनाथमहाराजांनी एक पोथी पुरी केली. पोथी त्यांची स्वतःची नव्हती. सुमारे नऊ हजार ओव्यांच्या त्या ग्रंथात नाथांची ओवी शोधू गेले तर सगळे अठरा अध्याय संपल्यावर, अगदी शेवटी, पाचच सापडतात. आणि त्याही काय, तर हे काम कोणी, केव्हा, कशासाठी केले एवढे सांगण्यापुरत्या. ती पोथी म्हणजे आपली ज्ञानेश्वरी.

आम्ही कीर्तनकार मंडळी नाथांचे चरित्र सांगतो तेव्हा श्रीखंड्या सांगतो, तहानेल्या गाढवाला कावडीतले पाणी पाजल्याची कथा सांगतो, अंगावर वारंवार थुंकणाऱ्यामुळे गोदामाईचे पुनःपुन्हा स्नान घडल्याची कथा सांगतो. सांगावीच, श्रोत्यांचा कंठ भरून येतो. पण या पोथीची गोष्ट मात्र आम्ही घाईने उरकतो. हल्ली ती सावकाश सांगण्याची गरज पडली आहे. एका कीर्तनकाराचे निरूपण मोबाइलवर ऐकावे आणि दुसऱ्या गावच्या सप्ताहात ते जसेच्या तसे, दृष्टांतासह, विनोदासह, मध्येच थांबून उपरणे सावरण्याच्या लकबीसह सांगावे, असा प्रकार आमच्या इंझोरीकडेच काय, सगळ्या वऱ्हाडात दिसू लागला आहे. कोणी हटकले तर तो गृहस्थ सरळ नाथांकडे बोट दाखवतो, की त्यांनी तरी व्यासांचेच घेतले. सज्जनहो, हे बोट खरे की खोटे, ते चरित्रावरूनच पाहू.

नाथांचा जन्म पैठणचा, सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धातला. घराणे भानुदासांचे. विजयनगराकडे गेलेली पांडुरंगाची मूर्ती ज्यांनी पंढरीस परत आणली असे आपण मानतो, ते भानुदास नाथांचे पणजोबा. वडील सूर्यनारायण आणि आई रुक्मिणी हे दोघेही बाळाला कळू लागण्याआधीच गेले. आजोबा चक्रपाणी यांनी नातवंड वाढवले. पोराचे चित्त खेळात नव्हते. बाराव्या वर्षी घरी न सांगता तो देवगिरीस जनार्दनस्वामींच्या पायाशी जाऊन बसला, असे परंपरा सांगते. स्वामी निजामशाहीच्या चाकरीत, देवगिरी किल्ल्याचे अधिकारी, आणि आत अखंड दत्तभक्त. त्यांच्यावर नृसिंह सरस्वतींची कृपा होती अशी संप्रदायाची श्रद्धा आहे, आणि नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान इंझोरीहून जवळच असलेले कारंजे. त्यामुळे इकडची माणसे नाथांना जरा आपल्या सोयरिकीतलेच धरतात.

गुरूच्या घरी नाथांकडे पूजेची तयारी होती, झाडलोट होती, तसे हिशेबाचे दप्तरही होते. एका रात्री हिशेबात एका पैची चूक निघाली. रात्र सरत आली तरी नाथ दिव्याशी बसून. चूक सापडली तेव्हा आनंदाने त्यांनी टाळी वाजवली, आणि त्या टाळीने स्वामी जागे झाले. एका पैसाठी एवढा आनंद, तर भवाच्या हिशेबातली चूक सापडल्यावर केवढा होईल, असे गुरूंनी समजावले म्हणतात. कथा सर्वांस ठाऊक आहे. परंतु तिच्यातली एक गोष्ट बहुधा सुटते. जो माणूस दुसऱ्याच्या वहीतली एक पै इकडची तिकडे होऊ देत नाही, त्याच माणसाच्या हाती पुढे माउलींची वही यायची होती.

पुढे स्वामींबरोबर तीर्थयात्रा झाली. त्र्यंबकेश्वरी गुरूंच्या आज्ञेवरून नाथांनी भागवतातले चार श्लोक मराठी ओवीत उलगडले. तोच त्यांचा पहिला ग्रंथ, चतुःश्लोकी भागवत. चार श्लोक व्यासांचे, आज्ञा जनार्दनांची, मग नाथांचे काय? नाथांना स्वतःलाच हा प्रश्न पडला असावा, म्हणून त्यांनी नाममुद्राच अशी घेतली की तीत आपले नाव एकटे कधी उभे राहूच नये. एका आणि जनार्दन ही जोडी त्यांच्या अभंगाच्या अखेरीस येते, ओवीबद्ध ग्रंथात अध्यायाच्या समाप्तीस येते. आपण मुद्रेला सही समजतो. नाथांची मुद्रा सहीपेक्षा पोचपावतीच अधिक आहे. ज्याचे घेतले त्याचे नाव त्याच कागदावर.

गुरूंची आज्ञा घेऊन नाथ पैठणास आले, गिरिजाबाईंशी संसार मांडला आणि एकादश स्कंधावरची टीका हाती घेतली. सुरुवातीचे अध्याय पैठणास झाले. त्यांची नक्कल काशीस पोहोचली आणि तिथले पंडित खवळले. भागवतासारखा ग्रंथ प्राकृतात आणला, हा राग. नाथांना काशीस बोलावणे आले. ते गेले, वाचून दाखवले, रागावलेली माणसे ऐकता ऐकता निवली. ग्रंथ गंगेत टाकला असता गंगामाईने तो वर उचलून दिला, हत्तीवरून मिरवणूक निघाली, असेही सांगतात. याच काळात काशीस शके १४९३ मध्ये, म्हणजे १५७१ साली, रुक्मिणीस्वयंवर झाले, आणि दोन वर्षांनी, शके १४९५ च्या कार्तिकी पौर्णिमेस, एकनाथी भागवत तिथेच पुरे झाले.

आता मोजून पाहा. मूळ एकादश स्कंधाचे श्लोक साडेतेराशेच्या वर, आणि नाथांच्या ओव्या अठरा हजारांच्या वर. प्रत्येक ठिकाणी आधी व्यासांचा श्लोक आणि मग नाथांची ओवी. मूळ लपवायचे असते तर श्लोक वर कशाला ठेवला असता? श्रीधरस्वामींच्या संस्कृत टीकेची वाट त्यांनी धरली आणि ज्ञानेश्वर माउलींच्या ओवीचे वळण घेतले, पण चाल त्यांची स्वतःची. अवंतीनगरीचा तो कृपण ब्राह्मण भागवतात थोडक्या श्लोकांत येतो. नाथांच्या ओव्यांत तो आपल्याच आळीतला होतो, त्याचे घर दिसते, त्याची बायकापोरे दिसतात. त्याच स्कंधात अवधूताच्या चोवीस गुरूंमध्ये भ्रमर येतो. लहानमोठ्या सगळ्या फुलांतून तो सार घेतो आणि फूल दुखवत नाही. नाथांनी त्याच्यावर नुसते निरूपण केले नाही, त्याला खरोखरच गुरू केले असे म्हणावे लागते.

इथे जरा आडवाट करतो. पंढरीच्या वाटेवर विसावा घ्यावा तशी. पाठशाळेत शास्त्रीबुवांपाशी राजशेखराची काव्यमीमांसा वाचायला मिळाली. हजार-अकराशे वर्षांपूर्वीचा हा ग्रंथ बडोद्यास १९१६ साली छापला गेला. त्यात काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह कुठे झाला म्हणून सांगितले आहे? विदर्भातल्या वत्सगुल्म नगरीत, म्हणजे आपल्या वाशिमास! अन् त्याच ग्रंथात दुसऱ्याच्या काव्यातले शब्द घेणे आणि अर्थ घेणे यांवर सबंध अध्याय खर्ची घातले आहेत. राजशेखर मोठा व्यवहारी माणूस. कवी आणि वाणी यांत मुळीच न उचलणारा कोणी नसतो, इथपर्यंत त्याने कबूल केले. पण सगळी उचल सारखी नव्हे. आरशातल्या प्रतिबिंबासारखी एक : अर्थ सगळा तोच, फक्त शब्द फिरवलेले. दुसरी चित्रासारखी : तीच वस्तू, वर थोडे रंग चढवून निराळी भासवलेली. तिसरीत दोन देह निराळेच, पण तोंडवळ्यावरून भावंडे वाटावी. आणि चौथी परक्या पुरात प्रवेश करण्यासारखी, जिथे मूळ एकच असते पण मांडणी, वेष, हालचाल सर्वस्वी नवी. पहिल्या दोन वाटा सोडाव्या, हे त्याच्या आधी आनंदवर्धनाने ध्वन्यालोकात सांगून ठेवले होते. आमचा तो मोबाइलवाला गृहस्थ पहिल्या वर्गातला. त्याने तर शब्दही फिरवले नाहीत. नाथांचे भागवत चौथ्या वर्गात बसते असे मला वाटते. व्यासांच्या नगरीत नाथ गेले ते वेशीवर नाव सांगून गेले, आणि आत गेल्यावर तिथल्या रस्त्यांवर मऱ्हाटी माणसे चालू लागली.

भारुडांचेही तसेच. वासुदेव, जोशी, गोंधळी, वाघ्या, गारुडी, जोहार घालणारा महार, ही सगळी माणसे नाथांच्या अंगणापुढून जाणारी. त्यांची हाक, त्यांचा ठेका, त्यांचा वेष नाथांनी घेतला आणि आत परमार्थ भरला. यात वासुदेवाचे काही गेले काय? पहाटे टाळ वाजवीत येणारा वासुदेव पुढेही येतच राहिला, त्याची गाणी त्याचीच राहिली. नाथांच्या भारुडाच्या शेवटी मुद्रा असल्यामुळे हा रस्त्यावरचा वासुदेव नसून नाथांनी घातलेला वासुदेवाचा वेष आहे, हे शेंबडे पोरही ओळखते. ज्या काळात उच्चवर्णीय माणूस महाराची सावली टाळी, त्या काळात त्याच्या तोंडचा जोहार आपल्या तोंडी घेणे म्हणजे नुसते घेणे नव्हते, त्यात नाथांनी आपली प्रतिष्ठाही घातली. घरातूनच विरोध झाला. मुलगा हरिपंडित मोठा संस्कृतज्ञ. वडिलांनी मराठीत पुराण सांगावे हे त्याला रुचेना, तो काशीस निघून गेला. पुढे बापलेकांचे जमले, ती कथा मोठी आहे, पुन्हा केव्हातरी सांगू.

आता त्या पोथीकडे येतो.

माउलींनी नेवाशास शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली, सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. तिथपासून नाथांपर्यंत २९४ वर्षे. तेव्हा छापखाना नव्हता. एका पोथीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी. तीनशे वर्षांत भाषा पालटते. लिहिणाऱ्याला जुना शब्द कळला नाही की तो सोपा घाली. कोणाचा हात चुके, कोणाची ओळ सुटे. आणि कोणी भाविक, पाठ करता करता रंगून जाऊन, आपलीही एक ओवी माउलींच्या ओवीशेजारी बसवी. यात दुष्टपणा नव्हता, हे ध्यानात घ्यावे. चोर दुसऱ्याची वस्तू आपल्या नावावर करतो. हा बिचारा आपली वस्तू माउलींच्या नावावर करीत होता. वरवर पाहता हे दानच. पण परिणाम असा, की वाचणाऱ्याला माउलींचे कोणते आणि शेजाऱ्याचे कोणते ते कळेना.

अशात नाथांचा गळा सुजला. औषधे झाली, उतार पडेना. मग स्वप्नात माउली आल्या आणि आळंदीस समाधीस्थानी अजानवृक्षाचे मूळ आपल्या कंठास लागले आहे, ते येऊन काढावे, अशी आज्ञा झाली. नाथ मंडळींसह आळंदीस गेले, रान वाढलेल्या जागेतून समाधी शोधून काढली, मूळ दूर केले. गळा बरा झाला. हे जसे घडले म्हणतात तसे मी मानतो. त्याखेरीज मला यात आणखीही एक अर्थ दिसतो. ज्याच्या ग्रंथात परक्या ओव्या शिरल्या त्याचा कंठच दाबला जातो; आणि दुखणे कोणाच्या गळ्यात उमटले, तर जो त्याच वाणीने बोलत होता त्याच्या.

पैठणास परतून नाथांनी जुन्या प्रती मिळवल्या, ताडून पाहिल्या, अशुद्ध पाठ काढले, परक्या ओव्या वेचून बाहेर ठेवल्या. जरा विचार करा, हे कोण करीत होते? अठरा हजार ओव्यांचे भागवत ज्याच्या हातून उतरले होते तो. एखाद्या जागी जुनी ओवी तुटली असेल, अर्थ लंगडत असेल, तिथे नाथांना आपली एक ओवी घालायला कितीसा वेळ लागला असता? आणि ती कोणाला ओळखू तरी आली असती का? लेखणी हाती, सामर्थ्य अंगी, पाहणारे कोणी नाही. तिथे त्यांनी हात आवरला. आपल्या कामाला नाव दिले ते लेखनिकाच्या मजुरीचे. आणि शेवटच्या त्या पाच ओव्यांत पुढच्यांना बजावले, की या ग्रंथात जो आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नारळाची रिकामी करवंटी ठेवली असे समजावे. मवाळ नाथांच्या सगळ्या वाङ्मयात इतका कडक शब्द मला फार थोड्या ठिकाणी आढळला आहे.

१९०९ साली इतिहासाचार्य राजवाड्यांनी नाथांच्याही आधीची म्हणून एक प्रत छापली, आणि तेव्हापासून विद्वान दोन्हीकडचे पाठ ताडीत आले आहेत. ताडावेत. नाथांनीही तेच केले होते.

याच्या उलटचा दाखला नाथांनंतर तुकोबारायांच्या वेळी घडला. सालोमालो नावाचा एक हरिदास तुकोबांचे अभंग घेई, शेवटी तुकोबांचे नाव काढी आणि आपले घाली. अभंग तोच, एक शब्द पालटला. पण पालटला तो नेमका पावतीचा शब्द. ही हकीकत आपल्याला महिपतिबोवांनी सांगितली. आणि ते स्वतः कसे वागले? भक्तविजय लिहिताना, हे माझ्या पदरचे नव्हे, उत्तरेत नाभाजींनी आणि माणदेशात उद्धवचिद्घनांनी लिहिले त्याच्या आधाराने सांगतो, असे आरंभीच मोकळेपणाने सांगून टाकले. आपल्या कीर्तनाच्या पद्धतीतही हे सगळे बसवलेलेच आहे. वारकरी कीर्तनकार स्वतःची कविता गात नाही. अभंग संतांचा, प्रमाण संतांचे, आणि प्रमाण देताना कोणाचे ते सांगायचे. आपले काय, तर निरूपण. तेवढीच जागा आपल्याला मोकळी ठेवली आहे. तीसुद्धा दुसऱ्याकडून उचलून भरली तर गादीवर उभे कशाला राहायचे? गुरूंकडून ऐकलेले सांगायला कोणाची ना नाही. मीही सांगतो, पण आधी गुरूंचे नाव घेतो. श्रोते कमी मान देत नाहीत, उलट कान टवकारतात, असा माझा अनुभव आहे.

येथपर्यंत सगळे सरळ आहे. पण नाथांच्या अखेरीस एक अवघड गाठ आहे, ती चुकवून चालणार नाही.

उतारवयात नाथांनी भावार्थरामायण आरंभले. वाल्मीकींचे रामायण पुढे ठेवून, इतर रामकथाही धुंडाळून, कांडामागून कांड होत गेले. युद्धकांडाचे चव्वेचाळीस अध्याय झाले आणि नाथांचा निरोपाचा काळ जवळ आला. ग्रंथ अपुरा राहणार म्हणून मंडळी हळहळू लागली. तेव्हा नाथांनी बोट दाखवले ते गावबाकडे.

गावबा म्हणजे घरात राहिलेले एक अडाणी पोर. पुरणपोळीचे भारी वेड; नाथांच्या घरी रोज पुरणपोळी मिळेल म्हणूनच ते तिथे राहिले, अशी कथा आहे. मंत्र द्यावा तर त्याच्या तोंडून एकनाथ या नावावाचून दुसरे काही निघेना. असल्या पोराच्या मस्तकावर नाथांनी हात ठेवला, आणि त्याच्या मुखातून पुढचा अध्याय निघू लागला. तो नाथांच्या अध्यायाशी असा जुळला की ऐकणारे थक्क झाले, असे सांगतात. पुढे युद्धकांड त्याने चालवले. आणि मुद्रा घातली ती नाथांचीच, एका जनार्दनाची.

मग ही करवंटी नव्हे काय? आपल्या ओव्या दुसऱ्याच्या नावावर घालणे, ज्याला नाथांनी माउलींच्या पोथीत मनाई केली, तेच गावबाने नाथांच्या पोथीत केले. एका चौकस श्रोत्याने मला हे विचारले होते आणि प्रश्न रास्त आहे. मला दिसते ते असे. माउलींच्या ग्रंथात ज्यांनी ओव्या घातल्या त्यांनी माउलींना विचारले नव्हते, कोणाला सांगितलेही नव्हते. त्या ओव्या कोणाच्या, हे आज कोणीच सांगू शकत नाही. गावबाला खुद्द ग्रंथकर्त्याने, जिवंतपणी, चार माणसांदेखत बसवले. आणि सांधा कोणी लपवला नाही. नाथ कुठे थांबले आणि गावबा कुठे सुरू झाला, तो अध्यायाचा आकडा आजवर सगळा संप्रदाय तोंडपाठ सांगतो. मुद्रेत गावबाचे नाव नाही, पण लोकांच्या जिभेवर आहे. एक आणखीही वाटते. ज्याच्या तोंडी आयुष्यभर एकनाथ एवढा एकच शब्द होता, त्याने शेवटी दुसरे कोणाचे नाव घालायचे होते?

शके १५२१, फाल्गुन वद्य षष्ठीस नाथ गोदावरीच्या पात्रात उतरले आणि देह ठेवला. त्या तिथीला आपण नाथषष्ठी म्हणतो आणि दिंड्या घेऊन पैठणास जातो. मागे वाड्यात भागवत होते, शुद्ध केलेली ज्ञानेश्वरी होती, आणि रामायणाच्या पोथीशी गावबा होता. भावार्थरामायणाचे वाचन करताना युद्धकांडाचा चव्वेचाळिसावा अध्याय संपला की मी क्षणभर थांबतो, इथून पुढे गावबा, एवढे श्रोत्यांना सांगतो आणि पान उलटतो.